दात उशिरा बसवला असेल तर त्याच्या मुळात काय भरावं?
भाच्याचा पडलेला दात दोन तास रुमालात कोरडा राहून मग बसवला, आता चांगलं मटेरियल भरलं तर मूळ वाचेल का, असं तुम्ही विचारलंय. तासाभरापेक्षा जास्त कोरडा राहिला की मुळावरच्या आवरणातल्या पेशी बहुधा मरतात. मग हाड मुळाला थेट चिकटतं आणि हळूहळू त्याची जागा घेतं. हे कुठलंच मटेरियल थांबवत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड (मुळाच्या पोकळीत काही काळ भरून ठेवायचं औषध) जंतुसंसर्गाने होणारी झीज मात्र रोखतं, आणि ती फार वेगाने होते. म्हणून २ आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू व्हायलाच हवं. गटापर्चा, म्हणजे रूट कॅनालच्या शेवटी मुळात कायमची भरतात ती गुलाबी रबरासारखी कांडी, तिच्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. मूळ विरघळलं तरी ती हाडात तशीच उरते. वाढत्या वयात दात आखूड दिसू लागला, तर कधीकधी वरचा भाग कापून मूळ आत ठेवतात. तेव्हा ती कांडी काढावी लागते. तपासणीत दातावर ठोकल्यावर धातूसारखा आवाज (हाड मुळाला चिकटल्याची खूण) येतो का, तेही विचारत राहा.