ज्युनिअरला कोर्टात बोलायला कधी मिळणार?

प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष. तारखांचा तक्ता मी करते, निवाडे मी शोधते. कोर्टात तोंडून मात्र एकच वाक्य: "सर दुसऱ्या कोर्टात आहेत, थोडा वेळ द्यावा." परवा न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पान ४७ वर होतं. मी चिठ्ठी सरकवली, सरांनी वाचून दाखवली. सरांकडे विषय काढायचा कसा?

उत्तर १
"संधी द्या" असं मोघम मागू नका, नेमका तुकडा मागा. मुदतवाढीचा अर्ज, औपचारिक साक्षीदाराची सरतपासणी (म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारणं), युक्तिवादातला एखादाच मुद्दा. उलटतपासणी इतक्यात नको; एक जास्तीचा प्रश्न आणि केस हातची जाते (माझी गेलीय). माझ्या ज्युनिअरला मी फक्त मुदतीचा मुद्दा, म्हणजे दावा वेळेत दाखल झाला का, दिला होता. दाव्याचं कारण घडलं कधी, दावा दाखल कधी, मधले कोणते दिवस वगळायचे, एवढंच. दुसऱ्याच मिनिटाला तो अडखळला. मी हात मांडीखाली दाबून बसलो. उठलो असतो तर पुढचं सगळं मलाच विचारलं गेलं असतं. त्याला पान सापडलं, गाडी पुढे सरकली. आणि हो, पक्षकाराला आधी सांगा. तो वकीलपत्र सिनिअरचं नाव बघून देतो.

उत्तर २
न्यायाधीशही हातभार लावू शकतात. अमेरिकेत ब्रुकलिनचे न्यायाधीश जॅक वाइनस्टीन यांनी २०१७ मध्ये आपल्या नियमांतच ज्युनिअरांना युक्तिवादासाठी बोलावलं.

मूळ प्रश्नकर्ती
गुरुवारी मुदतवाढीचा अर्ज आहे. आज संध्याकाळी सरांना विचारते. पान ४७ ची आठवणही करून देते.