मदत हवी आहे : तिसरे कवच पूर्ण भरलेले नसूनही अरगॉन निष्क्रिय कसा?

नमस्कार.

बाह्यतम कवच इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले असल्यामुळे राजवायू सहसा रासायनिक अभिक्रियेत भाग घेत नाहीत, असे स्पष्टीकरण सर्वत्र वाचायला मिळते. हेलियम (२) आणि निऑन (२, ८) यांच्याबाबत ते पटते. मात्र अरगॉनचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ८ असे आहे आणि २न² (न म्हणजे कवचाचा क्रमांक) या सूत्रानुसार तिसऱ्या कवचाची धारकता १८ आहे. मग दहा जागा रिकाम्या असताना हा वायू इतका अलिप्त का राहतो? शिवाय झेनॉनची संयुगे तयार होतात, ती कशी? ‘अष्टक (बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण झाले की अणू स्थिर होतो’ हे उत्तर मला ठाऊक आहे, पण त्यात कारण सांगितलेले नसून निरीक्षणच पुन्हा मांडले आहे, असे वाटते. कोणी ऊर्जेच्या अंगाने उलगडून सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद :

आपली शंका रास्त आहे. अरगॉनमध्ये पूर्ण भरलेली असतात ती ३एस आणि ३पी ही तिसऱ्या कवचातील उपकवचे. ३डी उपकवचाची ऊर्जापातळी बरीच वर असल्यामुळे पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉनसुद्धा तिथे न जाता ४एस मध्ये जातो, त्यामुळे त्या दहा जागा कागदावरच राहतात.

आवर्तनात (आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे जाताना प्रोटॉन वाढत जातात, परंतु नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात येत असल्याने ते एकमेकांना केंद्रकाच्या आकर्षणापासून फारसे झाकत नाहीत. म्हणून एक इलेक्ट्रॉन काढून घेण्यासाठी सोडियमच्या बाबतीत प्रतिमोल ४९६ किलोज्यूल पुरतात, तर त्याच आवर्तनातील अरगॉनच्या बाबतीत १५२१ लागतात. बाहेरून इलेक्ट्रॉन घ्यायचा म्हटले, तर त्याला पुढच्या कवचात जावे लागते आणि आतील इलेक्ट्रॉनांच्या परिरक्षणामुळे (झाकण्यामुळे) तिथे त्याला धरून ठेवण्याइतके आकर्षण उरत नाही.

गणात (उभ्या स्तंभात) खाली येताना अणू मोठा होतो आणि ही पकड सैल पडते : अरगॉन १५२१, क्रिप्टॉन १३५१, झेनॉन ११७०. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडला ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेताना पाहिले होते. त्या रेणूसाठीचा आकडा ११६५ च्या आसपास, म्हणजे झेनॉनच्या अगदी जवळचा आहे. म्हणून १९६२ मध्ये त्यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची गडद लाल वाफ रंगहीन झेनॉनमध्ये मिसळली, तेव्हा नारिंगी-पिवळा स्थायू मिळाला. माझ्या मते पाठ्यपुस्तकांनी अष्टकाच्या नियमाआधी या आकड्यांची तुलना द्यायला हवी.

सहसंयुज बंधालाही (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून होणाऱ्या बंधालाही) हाच हिशेब लागू पडतो. फ्लोरीनच्या रेणूतील बंध तोडण्यास सुमारे १५८ किलोज्यूल खर्च होतात. झेनॉन डायफ्लोराइडमधील दोन बंध प्रत्येकी सुमारे १३० परत देतात, त्यामुळे शंभराच्या आसपास शिल्लक उरते. अरगॉनचे फ्लोरीनशी होणारे बंध मुळातला खर्चही भरून काढू शकत नाहीत.