नॉनबायनरी असलं म्हणून मधलंच दिसायचं का?

काजबटण

नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या, व्यक्तीने कपडे कसे निवडावेत असं विचारलं की उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. सैल शर्ट घ्या, सरळ पँट घ्या, रंग काळा-राखाडी-मातकट ठेवा, केस आखूड कापा. म्हणजे समोरच्याला बाई की पुरुष ते ओळखता येऊ नये. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मला तो पटत नाही. मी स्वतः नॉनबायनरी आहे, त्यामुळे हा माझ्या रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

ओळखता न येणं हे कपड्यांपेक्षा शरीरावर जास्त अवलंबून असतं. सडपातळ बांध्याच्या, सपाट छातीच्या व्यक्तीने साधा शर्ट घातला तरी ती लगेच अँड्रॉजिनस, म्हणजे बाई की पुरुष ते न कळणारी, दिसते. भरलेली छाती असेल, नितंब रुंद असतील, दाट दाढी असेल, तर कितीही राखाडी घाला, लोक एका नजरेत काय ते ठरवून मोकळे होतात. मग अशा सगळ्यांनी काय समजायचं? आपण पुरेसे नॉनबायनरी नाही?

युनिसेक्स कपड्यांचीही तीच गत. बहुतेक वेळा तो पुरुषांच्याच मापाचा साचा असतो, फक्त पाटी बदललेली. त्यात छातीला टक्स, म्हणजे गोलाई बसवणाऱ्या शिवलेल्या चिमट्या, नसतात, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये फट पडते. ती बुजवायला एक माप मोठं घ्यावं तर खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि बाही बोटांपर्यंत येते. ट्रायल रूममध्ये उभं राहून माणूस स्वतःच्या शरीराला दोष देतो, दोष असतो बेतण्यात.

माझ्या मते सुरुवात परक्यांच्या नजरेपासून नव्हे, वेगळ्या प्रश्नापासून व्हावी. दिवसभर शरीराच्या कोणत्या भागाची जाणीव राहिली तर मला बरं वाटतं, आणि कोणत्या भागाची नकोशी होते? मला माझे खांदे आवडतात, नितंबांकडे लक्ष गेलेलं नको असतं. एवढं उमगल्यावर बरंच काही आपोआप ठरलं. शर्टाची खालची कड नितंबांच्या सगळ्यात रुंद जागी संपली की नेमकी तिथे आडवी रेघ उमटते आणि नजर तिथेच खिळते. म्हणून माझे शर्ट एकतर कमरेशी संपतात, नाहीतर थेट मांडीपर्यंत येतात. कापड जरा जाड, अंगाला न चिकटणारं. आणि रंग गडद पिवळा, वर मोठमोठी फुलं, कारण मला ती मनापासून आवडतात. फुलांच्या शर्टात माझं नॉनबायनरी असणं तसूभरही कमी होत नाही.

स्पष्टवक्ती

युनिसेक्सबद्दल पूर्ण सहमत. मूळ मुद्द्याला मात्र माझा विरोध आहे. फुलांचा शर्ट कुणीही घालावा असं तुम्हीच म्हणताय, मग नॉनबायनरी लोकांच्या कपड्यांचा वेगळा विचार हवाच कशाला? मी बाई आहे. आयुष्यभर पुरुषांच्या विभागातले शर्ट-पँट घालत आले, केस कायम आखूड. हल्ली अनोळखी लोक मला विचारतात, तुम्ही नॉनबायनरी आहात का? विचारणाऱ्यांचा राग येत नाही, काळजी वाटते. बाईने कसंही राहावं आणि तरी ती बाईच असावी, एवढ्यासाठी आमच्या आधीच्या बायका भांडल्या. कपडे वेगळे दिसले की माणूसच वेगळ्या गटात टाकायचा, अशी सवय लागली तर ते भांडण वाया जाईल.

काजबटण

@स्पष्टवक्ती, तुमची काळजी मला खरी वाटते आणि ती धुडकावून लावायची नाही. तुम्ही पुरुषांच्या शर्टात पूर्णपणे बाई आहात. कपड्यांवरून तुम्हाला नॉनबायनरी ठरवणारे आणि फुलांच्या शर्टावरून मला बाई ठरवणारे, दोघे एकच चूक करतायत. मी नॉनबायनरी आहे ते आतून, उद्या कुठलाही गणवेश अंगावर चढवला तरी ते तसंच राहील.

पण वेगळा विचार लागतो, कारण आमची अडचण वेगळी आहे. तुम्हाला पुरुषांच्या विभागातला शर्ट हवा असतो, आणि तो घातल्यावर तुम्ही तुम्हीच असता. दोन्ही विभागांत शिरताना 'हे माझ्यासाठी नाही' असं ज्याला वाटतं, त्याला प्रत्येक कपड्यापाशी थांबून विचार करावा लागतो. त्याला थोडी मदत झाली तर तुमच्या बाईपणातलं काही कमी होत नाही.

रानवारा

मीही नॉनबायनरी आहे आणि धागाकर्त्यांशी, म्हणजे काजबटण यांच्याशी, मी ठामपणे असहमत आहे.

तुम्ही म्हणता परक्यांच्या नजरेपासून सुरुवात करू नका. पण मी परक्यांमध्येच राहते-राहतो. बसमध्ये, दवाखान्यात, दुकानात, दिवसभर. काउंटरमागचा माणूस 'सर' म्हणू की 'मॅडम' असा अडखळतो, तो क्षण मला हवा असतो. तेवढ्या वेळात मला कुणी कुठेही ठेवलेलं नसतं. त्यासाठी मी राखाडी शर्ट घालते-घालतो, तो कुणी सांगितला म्हणून नव्हे. तुम्हाला ज्याचा गणवेश झालेला दिसतो, त्यात मला श्वास घेता येतो.

आणि 'शरीरावर प्रेम करा, हवं ते घाला' हे सगळ्यांना लागू होत नाही. ज्यांना डिस्फोरियाचा, म्हणजे शरीर आपल्या ओळखीशी जुळत नसल्याच्या अस्वस्थतेचा, खूप त्रास होतो, त्यांना फुलांचा शर्ट ही फार पुढची गोष्ट आहे. छाती सपाट दिसली नाही तर घराबाहेर पाऊल टाकवत नाही, असे दिवस असतात. अशा वेळी बाइंडर, म्हणजे छाती सपाट दाबून धरणारा आतला कपडा, हाच माझ्या कपाटातला सगळ्यात महत्त्वाचा कपडा असतो, आणि त्याच्याबद्दल तुमच्या लेखात अक्षर नाही. म्हणून मीच लिहून ठेवते-ठेवतो, नव्याने वापरणाऱ्यांसाठी. बाइंडर स्वतःच्या मापाचाच घ्या, जास्त सपाट दिसावं म्हणून लहान माप घेऊ नका. सलग आठ तासांच्या वर घालू नये असं सर्वसाधारणपणे सांगतात. झोपताना आणि व्यायाम करताना काढून ठेवा. इलॅस्टिक बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नका, श्वासाबरोबर ती सैल होत नाही आणि बरगड्यांना इजा होऊ शकते. दुखलं, दम लागला की लगेच काढा, मग कुठेही असा.

दुहेरी शिवण

मी शिवणकाम करते, त्यामुळे वादापेक्षा मापाबद्दल बोलते. पण आधी धागाकर्त्यांच्या एका वाक्याला हरकत: युनिसेक्स सरसकट टाकाऊ नाही. रॅगलन बाही बघा. तिची शिवण काखेतून तिरकी गळ्यापर्यंत जाते, खांद्याच्या हाडावर बसतच नाही. ड्रॉप शोल्डरमध्ये शिवण मुद्दाम दंडावर सोडलेली असते. या दोन्ही प्रकारांत खांदे अरुंद की रुंद हा प्रश्नच बाद होतो. काटेकोर बसणाऱ्या बाहीच्या शर्टातच तो छळतो.

तयार कपडा घेताना एक नियम पाळा. शरीराचा जो भाग सगळ्यात रुंद, त्याच्या मापाने घ्या आणि बाकीचं आत घ्यायला सांगा. कपडा आत घेता येतो, बाहेर काढायला मात्र शिवणीत माया, म्हणजे आत राखलेलं जास्तीचं कापड, लागते आणि तयार कपड्यांत ती बोटाच्या पेराएवढीसुद्धा सोडत नाहीत. पुरुषांच्या फॉर्मल पँटला मागच्या मधल्या शिवणीत बऱ्यापैकी माया असते, त्यामुळे तिची कंबर कमी-जास्त करणं सोपं जातं. नितंब रुंद आणि कंबर बारीक असेल तर नितंबांना बसेल ती पँट घ्या आणि तिथून कंबर आत घ्या. आसन, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या मधल्या शिवणीपर्यंतचा भाग, मात्र पँट घालून, खाली बसून तपासा. आसन आखूड असलं की पँट खेचते, आणि ते नंतर वाढवता येत नाही.

शर्टात खांदा हा एकच भाग असा आहे की तो बिघडला तर कपडा परत करा. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, उसवून बाही नव्याने बसवणं म्हणजे अर्धा शर्ट पुन्हा शिवणं.

छातीची फट बुजवायला मोठं माप घ्यायची गरज नाही. दोन बटणांच्या मध्ये आतून एक चापाचं बटण लावून घ्या, बाहेरून काही दिसत नाही. छाती सपाट दिसावी असं वाटत असेल तर आत अंगाबरोबरचा टी-शर्ट आणि वर उघडा ठेवलेला जाड कापडाचा शर्ट घाला. उघड्या शर्टाच्या दोन उभ्या कडांमुळे मधला पट्टाच तेवढा दिसतो, रुंदी निम्म्याने झाकली जाते. रेयॉन, पातळ जर्सी असली कापडं टाळा, ती वळणावळणाला चिकटतात. डेनिम, कॅनव्हास, जाड सुती कापड स्वतःचा आकार धरून राहतं.

बटणांबद्दल बरेच जण विचारतात. पुरुषांच्या शर्टाला बटणं घालणाऱ्याच्या उजव्या हाताला असतात, बायकांच्या शर्टाला डाव्या. तुम्ही स्वतः शिवून घेत असाल तर हवी ती बाजू सांगा. किंवा बटणं झाकणारी पट्टी लावून घ्या, बाजूचा विषयच संपला.

जुनी पानं

'मधलं दिसणं' याला आधार म्हणून दोन टोकं लागतात आणि ती टोकं कधीच जागेवर राहिलेली नाहीत. उंच टाचा युरोपात आल्या त्या पर्शियन घोडेस्वारांकडून. रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून त्यांच्या जोड्यांना टाच असे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचांचे जोडे घालायचा आणि त्याच्या दरबारात ते प्रतिष्ठेचं लक्षण होतं. १९१८ मध्ये अमेरिकेतलं लहान मुलांच्या कपड्यांचं एक व्यापारी मासिक सांगत होतं की गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलग्यांना द्यावा आणि निळा नाजूक म्हणून मुलींना. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला की पुरुषी वेष करायचा असेल तर बाईने पोलिसांची परवानगी घ्यावी. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सूट मिळाली, पण हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तरच! तो हुकूम आता निष्प्रभ आहे, हे फ्रेंच सरकारने स्पष्ट केलं ते २०१३ मध्ये.

आज आपण ज्याला तटस्थ कपडे म्हणतो, ते बहुतेक सगळे पन्नास-शंभर वर्षांपूर्वी पुरुषांचे होते. शर्ट, पँट, जीन्स, ब्लेझर. पुरुषांचं ते सगळ्यांचं आणि बायकांचं ते फक्त बायकांचं, असा हा हिशोब आहे. स्कर्ट अजून तटस्थ मानला जात नाही. त्यामुळे मी काजबटण यांच्या बाजूने.

कोरडी जमीन

इतिहास वाचायला छान आहे, सोमवारी सकाळी त्याचा उपयोग होत नाही. माझ्या कामाच्या ठिकाणी नियमावलीत दोन याद्या आहेत, पुरुषांसाठी एक, बायकांसाठी एक. नोकरी मला सोडता येत नाही. घरी आई-वडील आहेत, त्यांना काही सांगितलेलं नाही आणि इतक्यात सांगताही येणार नाही. पिवळा शर्ट आणि राखाडी शर्ट यांत वाद घालायला तुम्हाला मोकळीक आहे. ती नसलेल्यांनी काय करायचं, ते कुणी बोलत नाही.

काजबटण

@कोरडी जमीन, जिथे नोकरी जाण्याची किंवा घरातून बाहेर पडावं लागण्याची भीती असेल, तिथे स्वतःला दाखवून देण्याचं कसलंही बंधन तुमच्यावर नाही. हे मी अगदी ठामपणे म्हणेन. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा, काही गोष्टी दोन्हींत सापडतात: गडद पँट, कॉलरचा शर्ट, सपाट चामडी बूट, साधा ब्लेझर. तिथून सुरुवात करा. उरलेलं अशा जागी ठेवा जे तुम्हालाच माहीत असेल. आतले कपडे, मोजे, अत्तर, घड्याळाचा पट्टा. मी कितीतरी काळ एवढ्यावर काढला आणि त्याने मला आधार दिला. अंगाला लागून असलेला कपडा आपला आहे, एवढं कळलं तरी दिवस वेगळा जातो.

रानवारा

माझा अनुभव नेमका उलटा. कुणाला न दिसणारे मोजे घालून मला जास्तच कोंडल्यासारखं व्हायचं, कारण लपवण्यात आणखी एका गोष्टीची भर पडायची. मला केसांनी हात दिला. आखूड केसांबद्दल 'उकाडा होतो' एवढं सांगून भागतं, कुणी खोलात शिरत नाही, आणि आरशात मात्र मी मला दिसते-दिसतो. @कोरडी जमीन, दोन्ही करून बघा, धागाकर्त्यांचं म्हणणं सगळ्यांना चालेल असं नाही.

पाकीट

या सगळ्या चर्चेतून शेवटी निघतं काय, तर नवे कपडे घ्या. आपली शैली शोधा म्हणजे खरेदी करा. तरुण मुलांकडे पैसे नसतात, हे लक्षात ठेवा.

दुहेरी शिवण

@पाकीट, मी वर जे लिहिलं त्यातलं निम्मं आहे त्याच कपड्यांवर होतं. कंबर आत घेणं, चापाचं बटण. शर्टाची कड वर घेणं, बाही कोपरापर्यंत दुमडून दोन टाके घालणं हेही त्यातच येतं. सुई-दोरा पुरतो. शिवाय अंदाज येईपर्यंत दुसऱ्याचा कपडा मागून घालून बघणं हाच उत्तम मार्ग आहे. तुमचा मुद्दा योग्य आहे, या चर्चेला मात्र लागू नाही.

सांजवेळ

@दुहेरी शिवण, एक विचारू का? मला दाढी आहे आणि ती मला ठेवायची आहे. स्कर्ट घालायची फार दिवसांची इच्छा आहे, पण तयार स्कर्ट माझ्यावर बसत नाही. पुढून फुगतो, कमरेवरून घसरतो. माझा बांधा सरळसोट आहे.

दुहेरी शिवण

बसणार नाहीच, कारण तयार स्कर्टमध्ये कंबर आणि नितंब यांच्या मापात बराच फरक धरलेला असतो आणि तुमच्याकडे तो फरक कमी आहे. घसरतो त्याचंही कारण हेच, अडकायला वळण नाही.

तुम्ही चुण्यांचा किंवा गुंडाळून बांधायचा स्कर्ट बघा. चुण्या कमरेपासून खाली मोकळ्या सोडलेल्या असल्या की नितंबांचं माप लागतच नाही. स्कर्ट बेंबीच्या पातळीला घाला, पँटसारखा खाली नको. कंबरपट्टा दोन-अडीच इंच रुंद ठेवा आणि पट्ट्यासाठी लूप लावून घ्या, म्हणजे घसरणार नाही. लांबी गुडघ्याच्या चार बोटं खाली, कापड वजनदार, गॅबर्डिन किंवा डेनिम चालेल. घेर पहिल्या वेळी बेताचाच ठेवा, चालायची सवय झाली की पुढच्या स्कर्टला वाढवा. खाली जाड तळव्याचे बूट छान दिसतील. शिवायला देताना दोन्ही बाजूंच्या शिवणीत खिसे हवेत हे आधीच सांगा, आणि मोबाइल मावेल एवढे खोल.