मदत हवी आहे: बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) पंपाचं केसिंग म्हणजे बाहेरचं कवच, वेल्डिंगचे निकेलचे सहाच रॉड आणि विटांची भट्टी, काम पुरं कसं करू?

नमस्कार मंडळी. माझं सांगोला तालुक्यात छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, गेट, ग्रिल, ट्रॉल्या, रोटाव्हेटरची डागडुजी असली कामं असतात, आयटीआयला वेल्डर ट्रेड केलाय पण बिडाचं काम आजवर दोन-तीनदाच हातात आलंय आणि आता तसल्याच एका कामात अर्ध्यावर अडकलोय.

5 एचपीचा मोनोब्लॉक पंप आहे. ट्रॉलीतून उतरवताना दोरी निसटली आणि पंप डिलिव्हरीच्या फ्लँजवर (पाइप जोडतात त्या कडेवर) पडला. मानेला अर्ध्या घेराला जरा कमी एवढा तडा गेलाय, मोजला तर साधारण 110 मिमी, जाडी 8 मिमी. मॉडेल जुनं आहे, केसिंग बाजारात मिळत नाही, तीन दुकानं फिरून झाली. शेतकरी माझ्या चुलत्याच्या बांधाला बांध लागून आहेत, डाळिंबाची बाग फळावर आहे. आता ताण पडला आणि मग एकदम पाणी सोडलं तर फळं तडकणार, म्हणून त्यांचा जीव टांगणीला आहे आणि माझाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. आधी ग्राइंडर लावून ठिणगी बघितली, आखूड आणि लालसर, म्हणजे बीडच. तडा नक्की कुठं संपतो ते दिसत नव्हतं, मग रॉकेल लावून पुसून घेतलं आणि वरून खडूची भुकटी टाकली, रॉकेल परत बाहेर येऊन रेघ उमटली तेव्हा कळलं की तडा दिसत होता त्यापेक्षा 15 मिमी पुढं गेलाय (वर दिलेलं 110 हे नंतरचं माप). दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक मारलं, ग्राइंडरनं तड्यावर व्ही आकाराची खाच पाडली. इथवर बरोबर होतं असं मला वाटतं.

मग चूक केली. घाईत साध्या लोखंडाचा नेहमीचा 6013 रॉड मारला. रन (वेल्डिंगची पट्टी) दिसायला छान आला, चहा प्यायला बसलो आणि टिंग करून आवाज आला. रनच्या कडेनं सरळ नवीन चीर. मी सगळं घासून परत व्ही मोकळा केलाय.

आता माझ्याकडं जे आहे ते: निकेलचे 2.5 चे सहा रॉड (मित्रानं पंढरपूरहून आणून दिले, महाग आहेत, वाया घालवून चालणार नाही), 200 अँपिअरचं सिंगल फेजचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, बॉलपीन हातोडी. गॅस कटरचं सिलेंडर रिकामं आहे. म्हणून डोक्यात असं आहे की विटा रचून लोणारी कोळशाची भट्टी करायची, जुन्या कूलरचा पंखा लावायचा आणि केसिंग तापवून वेल्डिंग मारायचं. तापमान मोजायला काही नाही, पण सोल्डरची तार साधारण 183 ते 190 डिग्रीला वितळते ती टेकवून बघायची आणि शिशाचा तुकडा 327 ला वितळतो तो टेकवायचा, म्हणजे मधलं 250-300 अंदाजानं सापडेल. लाइटचं म्हणाल तर दिवसातून तीन-चारदा जाते आणि असते तेव्हाही व्होल्टेज 180 पर्यंत पडतं.

हे बरोबर आहे का? आणि गार कसं करायचं, राखेत पुरू का चुन्यात? ज्यांनी बिडाचं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, उद्या सकाळपर्यंत थांबतो.

प्रतिसाद १

दादा, तारेची युक्ती चांगली आहे पण भट्टी पेटवू नका. तुमचीच गोष्ट बघा, लाइट मधेच जाते. गरम पद्धतीत एकदा सगळं केसिंग 300 ला नेलं की वेल्डिंग संपेपर्यंत ते तिथंच ठेवावं लागतं आणि नंतर तासन्‌तास हळूहळू उतरवावं लागतं. अर्ध्यात लाइट गेली तर एक बाजू तापलेली, एक गार, आणि तडा तिसऱ्याच ठिकाणी जाईल. विटांच्या भट्टीत एकसारखी आच मिळणं पण अवघड, खालून लाल आणि वरून हात लावता येईल असं होतं.

बिडाला एकतर पूर्ण गरम मारा नाहीतर पूर्ण गार मारा. मधलं अर्धवट गरम सगळ्यात वाईट. तुमच्यासाठी गार पद्धत, कारण ती लाइट गेली तरी थांबते आणि आली की पुढं चालू होते.

एका वेळी फक्त 25 मिमीचा रन, इंचभर. डब्यावर दिलेला करंट असेल त्यातला कमीतला. रॉड हलवत बसू नका, सरळ ओढा. रन लाल असतानाच बॉलपीननं हलके हलके ठोका, गार होताना तो आखडतो आणि बीड काही ताणलं जात नाही, म्हणून ठोकून रनच पसरवायचा. मग हात लावून बसता येईल एवढं गार होऊ द्या, आणि पुढचा रन शेजारी न मारता तड्याच्या दुसऱ्या टोकाला मारा.

6013 का फुटला तर बिडात कार्बन 2 ते 4 टक्के असतो, तो वितळलेल्या लोखंडात मिसळतो आणि झटकन गार झालं की काचेसारखं कडक होतं. निकेल कार्बन घेऊन तसं कडक होत नाही, मऊ राहतं, नंतर फाईल पण चालते.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. मी स्वतः गरम पद्धतीचा माणूस आहे, पण त्याला गॅस, दोन माणसं आणि अख्खा दिवस लागतो.

तीन गोष्टी. केसिंगचा ड्रेन प्लग आणि हवेचा प्लग दोन्ही काढा, आत ओल अडकली तर वाफ कुठून जाणार? दुसरं, धुवायला ब्रेक क्लीनर वापरू नका, क्लोरीनवाला असेल तर आर्कजवळ विषारी वायू होतो. ओल घालवायला सकाळभर उन्हात ठेवा आणि मारण्याआधी नुसतं कोमट करा. तिसरं, फ्लँजला 12 मिमीची प्लेट नटबोल्टनं आवळून ठेवा, नाहीतर तोंड वाकडं होईल आणि पॅकिंग बसणार नाही.

आणि एक्स्टेंशनची वायर बारीक आणि लांब असेल तर मीटरजवळ बसून मारा, तिथंच निम्मं व्होल्टेज जातं लोकांचं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. भट्टी रद्द केली. काल सकाळी दहाला सुरू केलं आणि संध्याकाळी साडेसहाला संपलं, मधे दोनदा लाइट गेली पण काही बिघडलं नाही, उलट तेवढाच वेळ गार व्हायला मिळाला. मीटरजवळ बसल्यावर आर्क एकदम धरायला लागला, आधी वाटत होतं मशीनच गेलं. पहिल्या थराला रॉड चिकटत होता, दुसऱ्या थराला सुरळीत. साडेपाच रॉड लागले. रात्रभर कान लावून होतो, टिंग आला नाही.

आज टेस्ट केली. सक्शन आणि डिलिव्हरी दोन्हीकडं प्लेट आणि रबर लावून बंद केलं, पाणी भरून आतली हवा पूर्ण काढली आणि शेतकऱ्याचा फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप जोडला, रेग्युलेटर अगदी सैल ठेवून दाब हळूहळू 4 किलोपर्यंत (दर चौरस सेंमीला) नेला. त्यांची विहीर आणि चढ धरून 30 मीटरच्या आत हेड (पाणी चढवायची उंची) आहे, म्हणजे 3 किलो, तर वर थोडं राखून. हवा भरून टेस्ट केली नाही, फुटलं तर तुकडे उडतात.

सगळं कोरडं राहिलं, फक्त एका टोकाला जिथं 3 मिमीचं भोक होतं तिथं घाम आल्यासारखं पाणी येतंय, थेंब बनायला मिनिटभर लागतं. अर्धा रॉड शिल्लक आहे. तिथं परत मारू का? भीती वाटतेय, चांगलं झालेलं बिघडेल म्हणून.

प्रतिसाद १

मारू नका. तिथंच 5 मिमीचं ड्रिल आरपार न जाता पाऊण जाडीपर्यंत न्या, एम 6 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, टॅप अर्धा अर्धा फेरा मागं घेत, बिडाचा चुरा मोकळा करत. मग पितळी स्क्रूला थ्रेड सीलंट लावून आवळा, डोकं कापून वरून हलकं ठोका आणि फाईल मारा. सीलंट वाळू द्या, मग परत 4 किलो लावून दहा मिनिटं बघा.

धागाकर्ता

टॅप शेजारच्या लेथवाल्याकडून आणला. दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटं ठेवलं, कोरडं आहे. पंप दुपारी बसवला, रात्री अकराला थ्री फेज आली की ड्रिप चालू करणार, मी तिथंच थांबतोय.