एन्कोडर कुठेही फिरवा, फ्रिक्वेन्सी वाढतच जाते!

नवशिका४०मीटर: नमस्कार मंडळी, एसआय५३५१ चिप आणि आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकायचा छोटा बोर्ड) वालं व्हीएफओ किट, म्हणजे रेडिओसाठी हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट, जोडलंय, डिस्प्ले आला, ७.१०० मेगाहर्ट्झ दिसतंय, पण नॉब उजवीकडे फिरवा नाहीतर डावीकडे, आकडा आपला वाढतोच, ७.२०० ला बँड संपतो आणि मागे यायचं तर पॉवर बंद करावी लागते 😀 कोड दोनदा टाकून झाला. एन्कोडरच्या (नॉबखालचा, कुठल्या दिशेला फिरवलं ते सांगणारा भाग) ए आणि बी या सिग्नलच्या वायरी अदलाबदल केल्या तर आकडा हलायचाच बंद झाला, म्हणून परत होत्या तशा लावल्या. एन्कोडर ईसी११ मॉडेलचा आहे, पाच पायांचा. नवीन मागवू का?

धूरकाका: बाउन्स असेल, म्हणजे आतले संपर्क जुळताना थरथरत असतील. ए आणि बी दोन्ही पायांना १० नॅनोफॅरडचे कॅपॅसिटर लावून बघ.

मल्टिमीटरप्रेमी: काका, बाउन्स असता तर आकडा मागेपुढे नाचला असता, असा एकाच दिशेने पळाला नसता. बहुतेक कोड असे असतात की ए चं व्होल्टेज खाली गेलं की बी बघायचा, वर असेल तर एक दिशा, खाली असेल तर दुसरी. बी मेलेला असेल तर उत्तर कायम एकच. आणि तुझ्या अदलाबदलीनेच खरं तर सगळं सांगितलंय, मेलेली लाइन ए च्या जागी आली म्हणून सगळंच थांबलं, म्हणजे नॅनोची पिन ठीक आहे, दोष वायरीपासून एन्कोडरकडे. पॉवर काढ, वायरी सोडव, मीटर बीपवर (जोड आहे का ते तपासायच्या सेटिंगवर) ठेव. तीन पायांच्या बाजूचा मधला पाय कॉमन, त्यावर एक प्रोब, दुसरा आधी ए वर मग बी वर, आणि नॉब हळूहळू फिरव. दर खटक्याला बीप यायला पाहिजे. (समोरचे दोन पाय दाबायच्या स्विचचे, ते सोड.) आधी बोर्डाच्या सोल्डरच्या डागावर बघ, मग थेट पायावर.

नवशिका४०मीटर: दादा मानलं!! बी च्या डागावर बीप नाही, पायाला टेकवलं की येते. भिंगातून बघितलं तर सोल्डर पायाभोवती नुसतं गोळा होऊन बसलेलं, चिकटलेलंच नाही. फ्लक्स लावून परत डाग दिला, आता दोन्हीकडे फिरतंय. जोरात फिरवलं तर मात्र मधेच एखादी पायरी उलटी जाते.

धूरकाका: आता लाव माझे कॅपॅसिटर 😄 ए आणि बी पासून ग्राउंडला, एकेक.