मदत हवी आहे: चवथीआधी बेडकांची पिल्लं कुठे सोडू?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो. मागच्या दारी विहिरीला लागून सिमेंटची टाकी आहे, धुण्याभांड्याचं पाणी तिच्यात साठवतो. जुलैच्या मध्यावर तिच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वीतभर वर, साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला दिसला. मी खराट्याने काढणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बेब्याचें घर तें, हात लावूं नाका." झाडबेडकाची मादी मागच्या पायांनी फेटून असा फेस करते आणि त्यातच अंडी घालते, हे मला नंतर कळलं. काही दिवसांनी फेस सैल झाला आणि पिल्लं टपटप खाली पाण्यात पडली.

मग आरोग्य खात्याच्या बाई तपासणीला आल्या आणि टाकी रिकामी करा म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं, गेल्या वर्षी आमच्या वाड्यावर डेंग्यू झाला होता. पिल्लं मोरीत ओतून द्यायला मात्र माझा हात धजेना. साठेक पिल्लं चहाच्या गाळणीने काढून पसरट टबात ठेवली. टब पडवीत सावलीला आहे. डासांनी अंडी घालू नयेत म्हणून वर जुनी मच्छरदाणी ताणून बांधली आहे.

माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिल्या दिवशी टब थेट नळाच्या पाण्याने भरला. सकाळी अकरा पिल्लं मेलेली होती, क्लोरीनमुळेच असणार. तेव्हापासून फक्त विहिरीचं पाणी वापरते. एक दिवसाआड तिसरा हिस्सा बदलते, सगळं एकदम नाही. खायला तांबडी भाजी नाहीतर पालक उकडून चिमूटभर देते आणि उरलेलं संध्याकाळी काढून टाकते, नाहीतर पाण्याला वास येतो.

दुसरी चूक मोठी. त्यांना आडोसा हवा म्हणून शेजारच्या शेतातून मूठभर शेवाळ आणून टाकलं. त्यातून एक वेगळंच पिल्लू आलं, अंगाने दुप्पट, तोंड रुंद. दोन दिवसांत टबातली पिल्लं कमी झाली, आणि तिसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्याची शेपटी धरून ओढताना पाहिलं. शेतातल्या त्या मोठ्या पिवळ्या बेडकाचं ते पिल्लू असावं, कारण त्याची पिल्लं इतरांना खातात. पहिल्या पावसात लोक टॉर्च घेऊन 'जंपिंग चिकन'साठी, म्हणजे खायला, ज्याला धरायला जातात, तोच हा बेडूक. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याला संरक्षण आहे, तरी आमच्याकडे पकडणारे पकडतातच. त्यामुळे ह्या एकाच्या जिवाचीही मला काळजी आहे. सध्या ते वेगळ्या बरणीत आहे. ज्या शेतातून आलं तिथेच परत सोडावं असं वाटतं. पण इतके दिवस ते टबाच्या पाण्यात होतं, त्यातून काही रोग शेतात जाईल का?

आता खरी अडचण. टबात एकतीस उरली आहेत. आठ जणांना पुढचे पाय फुटलेत, बाकीच्यांना फक्त मागचे. पुढचे पाय आले की कल्ले जातात, फुप्फुसांनी श्वास घ्यावा लागतो, हे मला दोन पिल्लं बुडून मेल्यावर समजलं. आता टब एका बाजूने कलता ठेवलाय, त्यात खापरीचा तुकडा आणि उपडी करवंटी ठेवली आहे. ही आठ काही खात नाहीत. शेपटी जिरेपर्यंत तीच त्यांना पुरते असं वाचलंय. मग भाजी घालणं बंद करू ना?

आणि रविवारी आम्ही चवथीला मूळ घरी सत्तरीत जाणार, ते पाच दिवसांनीच परत. घरात कुणीच नसेल. टब गाडीत घालून नेऊया असं मुलगा म्हणतो, पण इथली पिल्लं सत्तरीत सोडणं मला पटत नाही. एका ठिकाणची बुरशी दुसरीकडच्या बेडकांना लागते. शेजारी म्हणतात व्हाळात सोड, पण सध्या व्हाळाला एवढी ओढ आहे की पिल्लं टिकायची नाहीत. विहिरीत गप्पी मासे सोडलेत, ते खाऊन टाकतील. घरामागच्या कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत), टाकीपासून पन्नास पावलांवर, पावसाच्या पाण्याचं एक डबकं आहे. रोज रात्री तिथून ह्याच बेडकांचा टकटक आवाज येतो, त्यामुळे माझं मन तिकडेच ओढतं. पण फक्त मागचे पाय आलेली तेवीस पिल्लं आत्ताच तिथे सोडली तर जगतील का? पाऊस आठवडाभर थांबला तर डबकं आटेल, ही भीती आहे.

झाडबेडकांची पिल्लं कुणी वाढवली असतील तर शनिवारपर्यंत कृपया सांगा. शेपूट असलेली ती आठ डबक्याच्या काठाशी ठेवू, की शेपटी पूर्ण जाईपर्यंत कुणाच्या तरी पडवीत ठेवायला देऊ? शेजारच्या काकी तयार आहेत, फक्त त्यांच्याकडे मांजर आहे.