माध्य, मध्य, मध्यक, माध्यिका… कोणीतरी सोडवा रे

शेव_जास्त_टाका
नमस्कार मंडळी, बीकॉम फर्स्ट इयर, इंदूर. घरी मराठी पण शाळा सगळी हिंदी मीडियम, आणि आता पुण्याच्या मावसबहिणीनं तिची जुनी मराठी पुस्तकं पाठवलीत. पाठवली मदत म्हणूनच, पण झालं काय की आम्ही शाळेत मीनला माध्य म्हणायचो आणि मीडियनला माध्यिका, हिच्या पुस्तकात मीन म्हणजे मध्य आणि मीडियन म्हणजे मध्यक!! परवा टेस्टमधे माध्य विचारलं, मी आरामात माध्यिका काढून आलो. दुसरं म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनमधे (आकडे मीनपासून किती पसरलेत त्याचं माप) कधी एन ने, म्हणजे आकडे जितके तितक्याने, भागतात कधी एन वजा एक ने, ते का? सरांना विचारलं तर म्हणे फॉर्म्युला आहे, पाठ कर.

गल्लीतला_हिशेबनीस
भिया, नावं सोड, आधी आकडे बघ. आमच्या काकांचं नमकीनचं दुकान आहे, गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, रस्त्यापासून एक गल्ली आत. एका आठवड्यात रोज फाटलेली बिलं: 40, 45, 42, 48, 45, 50 आणि रंगपंचमीला 290, कारण गेर बघून परतणारं सगळं पब्लिक रंगलेल्या हातांनी शेवेच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या मागत होतं, नोटासुद्धा गुलाबी झाल्या होत्या. बेरीज 560, भागिले 7, मीन आला 80. आता सांग, 80 बिलं कुठल्या दिवशी फाटली? एकाही नाही. चढत्या क्रमानं लावून मधला बघ, 45, तो मीडियन. जास्तीत जास्त वेळा आलेला पण 45च, तो मोड, आणि बहुलक हा एक शब्द बरा की हिंदी-मराठीत सारखाच आहे. एका गेरनं मीन 45 वरून 80 वर नेला, मीडियन जागचा हलला नाही. म्हणून पगार, घरांचे भाव असलं काही असेल तर मी तरी मीडियनच विचारतो.

अनुस्वार
डावीकडे हिंदी, उजवीकडे मराठी: मानक विचलन = प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन), प्रसरण = प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे त्याचाच वर्ग), प्रतिदर्श = नमुना (सॅम्पल). वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव नि विषय संपव. मी ग्वाल्हेरहून पुण्याला शिकायला गेले तेव्हा सहा महिने हेच केलं 😅

रिटायर्ड_मास्तर
बाळा, पाठ नको करूस. वरचेच साधे सहा दिवस घे, मीन 45. फरक: -5, 0, -3, 3, 0 आणि शेवटचा 5. आता शेवटचा झाकून ठेव. पहिल्या पाचांची बेरीज -5, आणि मीनपासूनच्या फरकांची एकूण बेरीज शून्यच येते, म्हणजे सहावा 5 असणारच, त्याला दुसरा पर्यायच नाही. मोकळे फक्त पाच, यालाच डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. पण नुसतं एवढं सांगून भागत नाही, खरी मेख पुढे आहे. फरकांचे वर्ग करून बेरीज 68 येते. 45 ऐवजी 46 पासून मोजलंस तर 74. कुठल्याही दुसऱ्या आकड्यापासून मोज, 68 पेक्षा जास्तच येणार, कारण 45 हा याच सहांमधून काढलेला. दुकानाच्या सगळ्या साध्या दिवसांचा खरा मीन आपल्याला माहीत नाही, तो बहुतेक नेमका 45 नसणारच, म्हणून 68 ला 6 ने भागलं की पसारा सरासरीनं कमी दिसतो. ती कसर भरायला 5 ने भागायचं. 6 ने भागून वर्गमूळ 3.37, 5 ने 3.69. आकडे सहाच आहेत म्हणून एवढा फरक, सहाशे असते तर कोणी भांडलं नसतं.
वर्गमूळ का, तेही विचारशीलच. वर्ग केल्यावर एकक 'बिलं वर्ग' होतं, त्याचं दुकानदारानं काय करायचं?

शेव_जास्त_टाका
काका भारीच!! झाकून बघितलं, खरंच 5च येतो. पण पेपरात 6 की 5 हे कळणार कसं?

रिटायर्ड_मास्तर
प्रश्नात प्रतिदर्श किंवा सॅम्पल असेल आणि अंदाज सगळ्यांचा मागितला असेल तर 5. त्या सहा दिवसांपुरतंच विचारलं असेल तर 6. आणि काही सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर सिग्माची दोन बटणं असतात, एक एन वालं, एक एन वजा एक वालं, घाईत चुकीचं दाबू नकोस, आमच्या वर्गात निम्मी मुलं तिथेच घसरायची.